वगळलेल्या देशांची यादी

गोवा हा एक देश, आणि दमण-दीव मिळून दुसरा देश, असं नोंदवलेली एक यादी आजही जगात आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात न्यूइंग्टन नावाच्या गावी ती सांभाळली जाते आणि जगभरचे हौशी रेडिओवाले, म्हणजे आम्ही हॅम, ती प्रमाण मानतो. गोव्याच्या नावापुढे तिथे एक अट आहे : ३१ डिसेंबर १९६१ पर्यंत झालेला संपर्कच धरला जाईल. त्या यादीच्या शेवटी वगळलेल्या देशांचं एक वेगळं परिशिष्ट आहे आणि गोवा त्यात आहे. सिक्कीम, तिबेट, फ्रेंच इंडिया हेही तिथेच भेटतात. पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया, पनामा कालव्याचा पट्टा अशी एकूण बासष्ट नावं त्या परिशिष्टात आहेत.

मी सावंतवाडीची. आईचं माहेर पेडण्याचं, म्हणजे हद्दीच्या पलीकडचं. भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी केल्यावर आईला माहेरी जाणं अवघड झालं होतं. «पेडण्याक जावचा तर परवानो व्हयो» हे आजीचं वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं, की परवाना म्हणजे एखादं वाहन असावं अशी माझी समजूत होती. डिसेंबर १९६१ मध्ये आमच्या गावावरून लष्कराच्या गाड्या दोडामार्गाकडे गेल्या, आणि पुढच्या मे महिन्यात आम्ही कुणालाही काही न विचारता मामाकडे गेलो. राजकीय बदल म्हणतात तो मी पहिल्यांदा पाहिला तो असा. पुढे दूरसंचार खात्यात नोकरी लागली, हॅमचा परवाना काढला आणि ती छापील यादी हातात आली, तेव्हा माझी नजर आधी गोव्यावर गेली.

आधी हॅम म्हणजे काय ते सांगते. सरकारची परीक्षा देऊन ज्याला स्वतःचं प्रक्षेपण करण्याचा परवाना मिळतो, तो हॅम. आपल्याकडे ही परीक्षा केंद्र सरकारचं दूरसंचार खातं घेतं. परवान्याबरोबर एक कॉलसाइन मिळतं, आणि ते जगात दुसऱ्या कुणाचंही नसतं. कॉलसाइनच्या पहिल्या एकदोन अक्षरांवरून देश ओळखू येतो, कारण कोणत्या देशाने कोणती अक्षरं वापरायची हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना, म्हणजे आयटीयू, ठरवते. भारतीय हॅमचं कॉलसाइन व्हीयूने सुरू होतं. विमानतळावर आपल्या विमानांच्या अंगावर व्हीटी लिहिलेलं दिसतं, तीही त्याच वाटपातली अक्षरं. ती ब्रिटिश अमदानीत ठरली आणि स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली.

हॅम आपल्या खोलीत बसून हाक देतो. मोर्सच्या टकटकीत, आवाजात किंवा हल्ली संगणकाच्या मदतीने. लहरी वरच्या आयनमंडलावर आपटून परत येतात आणि एखाद्या रात्री ब्राझील उत्तर देतं, एखाद्या पहाटे जपान. दोघे एकमेकांची कॉलसाइन आणि आवाजाची प्रत सांगतात, वेळ वहीत टिपतात, आणि मग टपालाने एकमेकांना पोचपावती पाठवतात. तिला क्यूएसएल कार्ड म्हणतात. २००३ पासून संगणकावरही अशी खातरजमा होते, पण माझ्या पिढीला कार्डाचीच ओढ. पोस्टमनने आणलेल्या लिफाफ्यात एखाद्या अनोळखी बेटाचं कार्ड निघालं, की दिवस सार्थकी लागतो.

कुणी किती देशांशी बोललं हे मोजायचं, तर देश म्हणजे काय हे आधी ठरवायला हवं. क्लिंटन डिसोटो नावाच्या अमेरिकन हॅमने ऑक्टोबर १९३५ मध्ये ‘क्यूएसटी’ मासिकात लेख लिहून या प्रश्नाला हात घातला. त्याची कसोटी सरळ होती : भूगोलाने किंवा राजकारणाने जो प्रदेश वेगळा, तो वेगळा मोजायचा. सार्वभौम आहे की वसाहत, राजा आहे की गव्हर्नर, हे त्याने पाहिलं नाही. १९३७ मध्ये त्या पायावर डीएक्ससीसी हा सन्मान सुरू झाला. शंभर ‘देशां’शी खातरजमा झालेला संपर्क असेल तर तो मिळतो. महायुद्धात हौशी प्रक्षेपणं बंद होती, त्यामुळे आजची मोजणी १५ नोव्हेंबर १९४५ पासून धरतात. सध्या यादीत ३४० नावं आहेत. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३. बाकीची भर पडते ती दूरच्या बेटांची, वसाहतींची, आणि ज्यांचं काय करायचं हे जगाला अजून ठरवता आलेलं नाही अशा प्रदेशांची. भारतही या यादीत तीन वेळा येतो : मुख्य भूमी, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप. नव्या नियमांत देश हा शब्द टाकून ‘एन्टिटी’ म्हणतात, पण बोलताना सगळे देशच म्हणतात. मीही तेच म्हणेन.

मला या यादीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती तारीख. एखादा प्रदेश एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे जातो तेव्हा इतिहासाच्या पुस्तकात वर्ष लिहून भागतं. सैन्य एका दिवशी शिरतं, करारावर सही दुसऱ्या दिवशी होते, संसदेची मान्यता तिसऱ्या, आणि जगाची मान्यता कधी कधी येतच नाही. आमच्या वहीत मात्र प्रत्येक संपर्कापुढे तारीख आणि मिनिट असतं, तेही ग्रीनिचच्या वेळेप्रमाणे. तेव्हा अमुक संपर्क कोणत्या देशाचा, याचं उत्तर द्यायचं तर यादी सांभाळणाऱ्यांना एक रेघ मारावीच लागते. ती त्यांनी प्रत्येक वेळी कुठे मारली हे पाहत गेलं, की राजकारणाची एक वेगळीच बाजू दिसते.

आपल्याच भागापासून पाहू. पुदुच्चेरी, कारैकल, माहे आणि यानम हा फ्रेंच इंडिया. त्याची अक्षरं एफएन८. १ नोव्हेंबर १९५४ ला फ्रेंचांनी प्रत्यक्ष कारभार भारताकडे सोपवला. हस्तांतराचा करार १९५६ मध्ये झाला आणि त्यावर फ्रान्सच्या संसदेची मोहोर उमटून तो अमलात यायला १९६२ साल उजाडलं. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर पुदुच्चेरी तोवर फ्रान्सचीच होती. यादीने रेघ मारली ती ३१ ऑक्टोबर १९५४ च्या रात्री. प्रत्यक्ष सत्ता ज्या दिवशी बदलली, तो दिवस खरा.

गोव्याची अक्षरं सीआर८. पोर्तुगालच्या वसाहतींना सीआर आणि पुढे एकेक आकडा असे, त्यातला आठ हा गोव्याचा. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा शिरल्या, त्याच सकाळी पुण्याहून निघालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ च्या क्रांतीनंतर. यादीने वर्ष संपू दिलं आणि १ जानेवारी १९६२ पासून गोवा भारतात धरला. सीआर८ ही अक्षरं पुढे पोर्तुगीज तिमोरला गेली.

गोव्याच्या मुक्तिलढ्यात रेडिओचा एक वेगळाच अध्याय आहे आणि तो आमच्या अंगणातला असल्यामुळे सांगितल्यावाचून राहवत नाही. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई या दोघांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलात लपून एक भूमिगत रेडिओ केंद्र चालवलं. कोकणी आणि पोर्तुगीज भाषांतून ते गोव्यातल्या लोकांपर्यंत बातम्या पोचवत. आंबोलीचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला कळेल, त्या ओलीत बिनतारी यंत्र चालू ठेवणं म्हणजे काय. ते हौशी रेडिओवाले नव्हते, त्यांच्यामागे कोणतीही यादी नव्हती. पण बिनतारीच्या बाबतीत मी कुणाला मानत असेन तर या दोघांना.

माझे बाबा १९५५ च्या १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सत्याग्रहात होते. पोर्तुगीज शिपायांनी केलेला गोळीबार त्यांनी डोळ्यांनी पाहिला. माझ्या टेबलावर पडलेली यादी एकदा त्यांच्या हाती लागली आणि ‘गोवा’ हे नाव देशांमध्ये पाहून ते संतापले. “गोवा देश कधी होता? तो पोर्तुगालने बळकावलेला भारताचा तुकडा होता. ज्यांनी हे लिहिलं त्यांना तू मानतेस?” मी त्यांना सांगितलं, की बाबा, ही यादी कुणाचा हक्क खरा ते सांगत नाही. त्या दिवशी त्या जागेवरून हाक कोणाच्या परवान्यावर आली, एवढंच ती सांगते. १९५५ मध्ये पणजीहून कुणी बोलला असेल तर त्याच्या हातात पोर्तुगालचा परवाना होता, भारताचा नव्हता. म्हणून तर तुम्हाला पत्रादेवीला जावं लागलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तारीख चुकली आहे. एकोणीस हवी.” त्यांच्यापुरतं ते बरोबरच होतं.

सिक्कीमची गोष्ट निराळी, कारण तिथला राजाच हॅम होता. चोग्याल पाल्देन थोंदुप नामग्याल यांचं कॉलसाइन एसी३पीटी. गंगटोकहून ते स्वतः हाका देत आणि जगभरचे लोक राजाशी बोलायला रांग लावत. जॉर्डनचे राजे हुसेनही हॅम होते, जेवाय१ हे त्यांचं कॉलसाइन; पण हुसेन यांचा देश टिकला. ९ एप्रिल १९७५ ला भारतीय सैन्याने राजवाड्याच्या पहारेकऱ्यांना निःशस्त्र केलं, १४ तारखेला सार्वमत झालं आणि १६ मे रोजी सिक्कीम भारताचं बाविसावं राज्य झालं. यादीने सिक्कीमला ३० एप्रिलला निरोप दिला. आता सिक्कीमहून कुणी बोललं तर तो संपर्क भारताच्या खात्यात जमा होतो, आणि चोग्यालांचं कार्ड ज्याच्याजवळ आहे तो ते जपून ठेवतो. भारतीय म्हणून मला विलीनीकरणाविषयी शंका नाही. पण राजवाड्यातल्या त्या एकट्या माणसाला जगाशी बोलण्याची ओढ होती, आणि त्याच्या अक्षरांसकट ते सगळं संपलं, याची हळहळ मी लपवणार नाही.

तिबेटच्या बाबतीत यादी सर्वांत मागे रेंगाळली. ल्हासातल्या ब्रिटिश मिशनचं केंद्र एसी४वायएन या नावाने १९३६ पासून हवेत होतं. पुढे रेजिनाल्ड फॉक्स ते चालवत. रॉबर्ट फोर्ड हा दुसरा इंग्रज बिनतारीवाला तिबेट सरकारच्या नोकरीत होता आणि पूर्वेला चामदो गावी त्याची नेमणूक होती. दिवसा सरकारी निरोप, संध्याकाळी एसी४आरएफ म्हणून जगभरच्या हॅमशी गप्पा. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी सैन्याने चामदो घेतलं आणि फोर्ड पकडला गेला. त्याच्यावर हेरगिरीचा आरोप ठेवला गेला. बिनतारी यंत्र चालवणारा परदेशी माणूस हेर नाही हे पटवणार कोणाला? १९५५ मध्ये त्याची सुटका झाली. या सगळ्या काळात आणि नंतर दलाई लामा भारतात आले त्याच्याही पुढे, कितीतरी वर्षं, तिबेट यादीत चालू देश म्हणूनच राहिला. ३० मे १९७४ ही त्याची शेवटची तारीख. पुदुच्चेरीला प्रत्यक्ष कारभाराचा दिवस लावला, तो नियम इथे लावला असता तर तिबेट दोन तपं आधी गेला असता. मला या विलंबाचं वाईट वाटत नाही. हाक देणारं कुणी उरलं नव्हतं, तरी नाव राहिलं.

एसी३, एसी४ आणि भूतानची एसी५ ही अक्षरं अधिकृत वाटपातली नव्हती, हेही सांगायला हवं. वापरात आली आणि रूढ झाली. आज ए५ म्हटलं की भूतान, आणि एसी४ने सुरू होणारं कॉलसाइन ऐकू आलं तर पलीकडे अमेरिकेतला कुणीतरी असतो.

वगळलं म्हणजे काय होतं, हे नीट समजून घेतलं पाहिजे. जुना संपर्क रद्द होत नाही. ज्याने १९६० मध्ये गोव्याशी बोलून कार्ड मिळवलं, त्याच्या एकूण बेरजेत गोवा कायम राहतो. फक्त सर्वोच्च मानाची जी यादी आहे, जिला ऑनर रोल म्हणतात, तिथे चालू देशच मोजतात. आज त्यासाठी ३४० पैकी किमान ३३१ लागतात. म्हणजे माणसाने केलेलं काम पुसलं जात नाही, आणि पुढच्या पिढीला जे मिळणं शक्यच नाही त्याच्या जोरावर कुणी तिच्या पुढेही जात नाही. नियम मागच्या तारखेने लागू होत नाही. राज्यकर्त्यांनी रस्त्यांची, गावांची, पाठ्यपुस्तकांतल्या माणसांची नावं बदलताना एवढी काळजी घेतली असती तर, असं मला अनेकदा वाटतं.

देश यादीत परतही येतो. १४ नोव्हेंबर १९६२ ला इथिओपियाने एरिट्रिया गिळंकृत केला आणि यादीतून तो गेला. जवळजवळ तीस वर्षं युद्ध चाललं. २४ मे १९९१ ला बंडखोर सैन्य अस्मारात शिरलं. सार्वमत आणि रीतसर स्वातंत्र्य दोन वर्षांनी, १९९३ मध्ये. यादी मात्र १९९१ चा दिवस धरते. एरिट्रियाच्या नावापुढे म्हणून दोन तारखा आहेत : १९६२ च्या त्या दिवसापर्यंतचे संपर्क चालतील आणि १९९१ च्या त्या दिवसापासूनचे चालतील, मधले नाहीत. पारतंत्र्याचा काळ एका वाक्यात इतका स्वच्छ मांडलेला मी दुसरीकडे कुठे वाचला नाही.

दक्षिण सुदानची कहाणी त्याहून गुंतागुंतीची. १९७२ च्या समझोत्याने दक्षिणेला स्वायत्तता मिळाली तेव्हा यादीने त्याला वेगळं धरलं. स्वायत्तता १९८३ मध्ये काढून घेतली गेली, तरी नाव १९९४ च्या अखेरपर्यंत राहिलं. मग ९ जुलै २०११ ला स्वातंत्र्य, आणि १४ जुलैला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व. इथे रेघ पडली ती १४ तारखेवर. म्हणजे स्वतंत्र झाल्यानंतरचे पाच दिवस आमच्या दृष्टीने दक्षिण सुदान नव्हताच. त्याच महिन्यात एक चमू जुबात जाऊन हवेत आला. नव्या देशाला झेड८ ही अक्षरं मिळायची होती, म्हणून त्यांनी एसटी० या जुन्या अक्षरांनीच हाक दिली. त्या हाकेवर जी झुंबड उडाली, तिला आम्ही पाइलअप म्हणतो : हजारो केंद्रं एकाच वेळी आपलं कॉलसाइन ओरडत असतात आणि पलीकडचा माणूस त्या कल्लोळातून एकेकाला उचलत असतो. ज्यांच्याकडे जुना दक्षिण सुदान होता तेही त्या गर्दीत होते, कारण जुना आता परिशिष्टात गेला होता.

सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा वर्तमानपत्रांनी एका रात्रीत पंधरा देश जन्मल्याचं लिहिलं. आमच्या यादीत जवळजवळ काहीच हललं नाही. डिसोटोच्या कसोटीप्रमाणे युक्रेन, कझाकस्तान, जॉर्जिया वगैरे प्रजासत्ताकं आधीपासूनच वेगवेगळी मोजली जात होती. बदलली ती अक्षरं : युक्रेनचं यूबी५ गेलं, यूआर आलं. एक सोळावं प्रजासत्ताकही होतं, कारेलो-फिनिश. मॉस्कोने त्याचा दर्जा १९५६ मध्ये काढून घेतला आणि यादीने १९६० मध्ये त्याला परिशिष्टात नेलं. युगोस्लाव्हियाचं तसं नव्हतं. तो एकच मोजला जाई, म्हणून तिथे जून १९९१ पासून एकेक तुकडा नव्याने मिळवावा लागला : स्लोव्हेनिया, क्रोएशिया, मग मॅसिडोनिया, बोस्निया, २००६ मध्ये मॉन्टेनेग्रो. त्या वर्षांत साराजेव्होच्या बातम्या मी दूरदर्शनवर पाहायची आणि रात्री त्याच भागातली केंद्रं ऐकायची. बातमीत नकाशा असे, हेडफोनमध्ये माणूस असे.

जर्मनीत तर मिनिटाचा काटा सरकताना लोकांनी ऐकला. ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाल्या. पूर्व जर्मनीची वाय२ अक्षरं त्यानंतरही काही काळ हवेत होती, पण मोजणी २ तारखेपर्यंतचीच. त्याच वर्षी मे महिन्यात दोन येमेन एक झाले. उत्तर येमेनची ४डब्ल्यू ही अक्षरं मोकळी झाली आणि पुढे तिमोर-लेस्तेला मिळाली. म्हणजे कॉलसाइन पाहून देश ओळखायचा तर साल माहीत हवं.

राजकारणाचा दुसरा हात परवानगीचा असतो, आणि तो यादीत दिसत नाही. अंदमान-निकोबार जगभरच्या हॅमना वर्षानुवर्षं हवं होतं, पण संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक भाग म्हणून तिथून प्रक्षेपणाची परवानगी क्वचितच मिळे. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेचा चमू भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने पोर्ट ब्लेअरला पोचला. व्हीयू४आरबीआय हे कॉलसाइन ऐकून साऱ्या जगाने कान टवकारले. महिना संपत आला असताना, २६ तारखेच्या सकाळी भूकंप झाला आणि त्सुनामी आली. दूरध्वनी बंद पडले. ज्या यंत्रावरून भारती प्रसाद देशोदेशींच्या हॅमना संपर्क देत होत्या, त्यावरूनच त्यांनी मुख्य भूमीशी दुवा जोडला आणि कोण सुखरूप आहे, कोणाचा पत्ता नाही, काय मदत हवी, याचे निरोप सुरू झाले. एका छंदासाठी मिळालेली परवानगी त्या दिवसांत किती जणांच्या घरी दिलासा घेऊन गेली असेल! परवानगीच्या फायली महिनोन् महिने पडून राहतात तेव्हा मला ही गोष्ट प्रत्येक अधिकाऱ्याला ऐकवावीशी वाटते. आणीबाणीत रेडिओ लागतो हे सगळे मान्य करतात. पण रोज हाक देणारा माणूस तिथे आधीपासून असेल तरच तो आणीबाणीत असतो.

कधी कधी बदल युद्धाविना, ठरवून, घड्याळ लावून होतो. १० ऑक्टोबर २०१० ला नेदरलँड्स अँटिल्स हा कॅरिबियनमधला देश विसर्जित झाला. तिथल्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेनऊला, यादीतली दोन नावं गेली आणि चार आली : कुरासाव, बोनेर, साबा व सेंट युस्टेशियस, आणि सिंट मार्टिन. बेटांवर हॅम आधीच अँटेना उभारून बसले होते.

कोसोव्होच्या वेळी असं काही ठरलेलं नव्हतं. त्याने फेब्रुवारी २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. तो संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नाही, आयटीयूने त्याला अक्षरं दिलेली नाहीत, भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. तिथले हॅम झेड६ ही अक्षरं स्वतःहून वापरत होते. त्यांना दहा वर्षं थांबावं लागलं. यादीच्या नियमावलीत दुरुस्ती झाली आणि २१ जानेवारी २०१८ पासून कोसोव्हो मोजला जाऊ लागला. यावर वाद झाला. यादी सांभाळणाऱ्या, एकाच देशाच्या हौशी संघटनेने अशा प्रश्नात पुढे व्हावं का, असं विचारणारे आमच्यातही आहेत. माझं मत मी स्पष्ट सांगते : जिथे परीक्षा होते, परवाने दिले जातात, आणि माणसं रोज हवेत येतात, तिथल्या माणसांना ‘तुम्ही कुठेच नाही’ असं सांगणं मला जमणार नाही. प्रिस्टिनाच्या केंद्राने मला उत्तर दिलं तेव्हा त्याला सर्बिया म्हणून नोंदवणं खोटं झालं असतं, आणि रिकामी जागा सोडणं तर त्याहून खोटं.

सध्या आम्हा लोकांचं लक्ष पॅसिफिकमधल्या बुगनव्हिल बेटाकडे आहे. ते पापुआ न्यू गिनीचा भाग आहे. पापुआ आणि न्यू गिनी हे आमच्या यादीत एके काळी दोन वेगळे प्रदेश होते. १६ सप्टेंबर १९७५ ला स्वातंत्र्याबरोबर ते एक झाले आणि दोन्ही जुनी नावं परिशिष्टात गेली. बुगनव्हिलमध्ये पुढे दीर्घ यादवी झाली. २०१९ च्या सार्वमतात तिथल्या सुमारे ९८ टक्के लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिला. तो कौल बंधनकारक नाही, अंतिम शब्द पोर्ट मोर्सबीच्या संसदेचा आहे, आणि बुगनव्हिलच्या नेत्यांनी १ सप्टेंबर २०२७ ही तारीख डोळ्यांसमोर ठेवली आहे. त्या दिवशी काही घडलं, तरी आमची रेघ त्याच दिवसावर पडेल की संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात हात वर होतील त्या दिवसावर, हे तेव्हाच ठरेल. तोपर्यंत तिथून कुणी हाक दिली तर ती पी२ या अक्षरांनीच येईल, आणि माझ्या वहीत मी पापुआ न्यू गिनी असंच लिहीन.